तपासणीत पास, तरी तार गेली कशी?

तक्रारीबरोबर आलेला तारेचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून मोजला. लांबी १४ मिलिमीटर, जाडी ०.६ मिलिमीटर. कुत्र्याच्या भांड्यात खाणं ओतताना मालकाला तो चमकताना दिसला, म्हणून तो कुत्र्याच्या पोटात गेला नाही. बॅच नंबरवरून त्या शिफ्टचं मेटल डिटेक्टरचं रजिस्टर काढलं. शिफ्ट सुरू होताना पास, दर दोन तासांनी पास, संपताना पास. मशीन बंद नव्हतं, कोणी चाचणी टाळली नव्हती, सह्याही खऱ्या होत्या. तरीही ही तार पंधरा किलोच्या बॅगेतून बाहेर गेली होती.

मी पाळीव प्राण्यांचं कोरडं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. आमच्याकडे तेव्हा शिवलेली बॅग बेल्टवरून डिटेक्टरच्या चौकटीतून जायची. चाचणीसाठी तीन गोळ्या: २.५ मिलिमीटरची लोखंडाची, ३ मिलिमीटरची पितळेची आणि ३.५ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची. प्रत्येक गोळी प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवलेली. पट्टी बॅगेवर ठेवायची, बेल्ट थांबला आणि बॅग बाजूला ढकलली गेली की पास.

तक्रारीतला तुकडा पुरावा म्हणून बंद करून ठेवला आणि तेवढ्याच जाडीच्या स्टेनलेस तारेचे तेवढेच तुकडे कापून घेतले. एक तुकडा चिकटपट्टीने बॅगेच्या मधोमध खुपसून पाठवला. काही नाही. आडवा केला, तरी काही नाही. मग बॅग काढून नुसत्या बेल्टवर ठेवला. बेल्टच्या दिशेने लांब झोपवला तेव्हा मशीन गप्प. बेल्टला आडवा ठेवला तेव्हा दिवा लागला. तीच तार, तेच मशीन, सेटिंगही तेच. मी दोन-चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. शेजारी उभे असलेले मेन्टेनन्सचे दादा म्हणाले, "मॅडम, आता गोळीची पट्टी बॅगेच्या खाली ठेवून बघा." बॅगेखाली नाही, पण बॅगेच्या पोटात, चौकटीच्या बरोबर मध्यावर येईल अशी ठेवली. स्टेनलेसची गोळी कधी सापडायची, कधी नाही.

इथे मशीन आत काय करतं ते सांगावं लागेल. चौकटीत तीन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. मधली कॉइल सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते. दोन्ही बाजूंच्या कॉइल मधलीपासून सारख्या अंतरावर, पण एकमेकींच्या उलट जोडलेल्या, त्यामुळे दोघींचे सिग्नल एकमेकांना खोडतात आणि बेरीज शून्य राहते. तराजूची दोन्ही पारडी समान असावीत तसं. धातू जवळ आला की आधी एक पारडं हलतं, मग दुसरं, आणि ते हलणं मशीन मोजतं. लोखंड चुंबकीयही आहे आणि वीजही वाहून नेतं, त्यामुळे सोपं सापडतं. पितळ, ॲल्युमिनियम चुंबकीय नाहीत, पण वीज चांगली वाहतात. ३०४ आणि ३१६ जातीचं स्टेनलेस जवळपास चुंबकीय नसतं आणि वीजही फारशी चांगली वाहत नाही. म्हणून लोखंडापेक्षा स्टेनलेसची गोळी नेहमी मोठी लागते. गंमत अशी की, खाद्याच्या कारखान्यात यंत्रांचे बहुतेक भाग ह्याच धातूचे.

चौकटीच्या भिंतीजवळ संवेदनशीलता सगळ्यात जास्त आणि मध्यावर सगळ्यात कमी. बॅगेवर ठेवलेली पट्टी चौकटीच्या वरच्या कडेजवळून जायची. म्हणजे आम्ही मशीनला सगळ्यात सोपा प्रश्न विचारत होतो. खऱ्या तारेला मात्र बॅगेत कुठेही बसायची मुभा.

गोळीला दिशा नसते, तारेला असते. लोखंडी तार बेल्टच्या दिशेने लांब असली तर सहज सापडते, आडवी असली तर अवघड. स्टेनलेस आणि पितळेच्या तारेचं नेमकं उलट: आडवी सापडते, लांब झोपलेली निसटते. तारेची जाडी मशीनला सापडणाऱ्या गोळीच्या व्यासापेक्षा कमी असेल तेव्हाच हा फरक दिसतो. आमची तार ०.६ मिलिमीटरची आणि गोळी ३.५ मिलिमीटरची. फरक इतका मोठा की, ती तार सापडली असती तरच आश्चर्य.

हे सगळं मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण "३.५ मिलिमीटर स्टेनलेस" हा आकडा प्रमाणपत्रावर छापून भिंतीवर लागला की, त्याहून लांब काहीही सुटणार नाही असं सगळे धरून चालतात. १४ मिलिमीटरची तार ३.५ मिलिमीटरच्या गोळीपेक्षा मोठीच दिसते ना डोळ्याला.

मग तार आली कुठून?

कोरड्या खाद्याची लाइन साधारण अशी: मांस-हाडांची पूड, धान्य, जीवनसत्त्वं-खनिजं येतात, हॅमर मिलमध्ये (फिरत्या हातोड्यांच्या चक्कीत) दळली जातात, मिश्रण वाफेवर ओलं-गरम होऊन एक्सट्रूडरमध्ये दाबलं जातं, डायमधून, म्हणजे भोकं असलेल्या जाड तबकडीतून, बाहेर पडताना फिरती पाती त्याचे दाणे कापतात, ड्रायर, चाळणी, वरून चरबीचा आणि चवीचा थर, थंड करणं आणि पॅकिंग. ह्यातल्या प्रत्येक टप्प्यावर धातू सुटू शकतो. कच्च्या मालात जनावरांच्या कानातले बिल्ले, सुयांचे तुकडे, सुरीची टोकं येतात. हॅमर मिलची जाळी फाटते. एक्सट्रूडरची पाती डायला घासली की टोकं उडतात. ड्रायरच्या पट्ट्याची पिन निसटते. आणि वेल्डिंगनंतर नीट न झाडलेली लाइन म्हणजे बारीक गोळ्यांचा पाऊसच.

कच्चा माल ओततो तिथे आमच्याकडे चुंबकाच्या सळ्यांची जाळी आहे. निओडिमियमचे चुंबक असलेल्या ह्या सळ्या दर शिफ्टला पुसून जे निघेल ते वजन करून ठेवतात. त्या नोंदी चाळल्या. लोखंडी कीस, खिळे, एकदा एक आख्खा वॉशर. पण चुंबक असतो दळण्याच्या आधी, आणि तक्रारीतली तार कच्च्या मालातून आली असती तर हॅमर मिलमध्ये आणि एक्सट्रूडरमध्ये तिचं काहीतरी झालं असतं. निदान ती इतकी सरळ आणि चकचकीत राहिली नसती. म्हणजे ती एक्सट्रूडरनंतरची.

उत्तर तारेतच होतं. भिंगाखाली धरली तर ती अगदी सरळ नव्हती. ठरावीक अंतरावर तिला हलके बाक होते, वर-खाली, वर-खाली. विणलेल्या जाळीतली तार अशीच असते, कारण ती आडव्या तारांच्या आळीपाळीने वरून-खालून जाते. दोन बाकांमधलं अंतर मोजलं आणि लाइनवरच्या जाळ्यांची भोकं मोजत निघालो. ड्रायरनंतरच्या कंपन चाळणीशी ते जुळलं. जाळीची तार ०.६ मिलिमीटर, मायक्रोमीटरवर तीच.

चाळणी वरून पाहिली तर धडधाकट. फ्रेम उघडली तेव्हा कडेला, जिथे जाळी रबरी पट्टीखाली ताणून दाबलेली असते, तिथे बोटभर लांबीच्या फटीत तारांची टोकं मोकळी झालेली. कंपनाने तार पट्टीच्या कडेवर घासत-घासत झिजते आणि तुटते. रोजच्या तपासणीत टॉर्च मारायची ती मधल्या भागावर. पट्टीखालचा भाग कोणाला दिसतच नव्हता.

तुटलेल्या टोकाजवळ चुंबक नेला तर तार किंचित ओढली गेली. ३०४ स्टेनलेस मुळात चुंबकीय नसतं, पण ओढून बारीक केलेल्या तारेत थोडा चुंबकीयपणा येतो. जवळच्या जोरकस चुंबकाला ती थोडी तरी लागते. हे पुढे कामाला आलं.

आता प्रश्न होता मालाचा. नेहमीचा नियम असा की, डिटेक्टरची चाचणी फेल झाली तर मागच्या पास चाचणीपासूनचा सगळा माल अडवायचा आणि पुन्हा तपासायचा. इथे चाचणी तर फेल झालीच नव्हती. त्यामुळे उत्पादनवाल्यांचं म्हणणं, अडवायचं कशाच्या आधारावर? आम्ही आधार बदलला: चाळणी शेवटची उघडून पूर्ण पाहिली होती त्या दिवसापासूनचा सगळा माल. तारीख बरीच मागची निघाली आणि बैठकीत आवाज चढले. पण नियमाचा अर्थ "शेवटची खात्री कधी होती" हाच आहे, आणि पट्टीखालची खात्री त्याच दिवसाची होती. गोदामातला माल अडवला, बाहेर गेलेला परत मागवला. अडवलेल्या बॅगा फोडून दाणे पातळ थरात पसरून क्ष-किरण मशीनवरून नेले. जाड बॅगेत बारीक तार क्ष-किरणालाही नीट दिसत नाही, म्हणून हा पसारा. त्याच जाळीचे आणखी काही तुकडे निघाले. ते पाहिल्यावर बैठकीतला वाद संपला.

जाता जाता एक गोष्ट, कारण बाहेरचे लोक हमखास विचारतात: "कुत्रा तर हाडं चावतो, त्याला तारेने काय होणार?" कुत्रा दाणे चावत नाही, बरेचदा गिळतो. टोकदार तार घशात, जठरात, आतड्यात अडकू शकते. शिवाय धातू फक्त टोचतो असं नाही. जस्ताचा मुलामा दिलेला नट किंवा वॉशर पोटात राहिला, तर जठरातल्या आम्लात जस्त विरघळतं आणि कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटायला लागतात. पशुवैद्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. आणि प्राणी रोज तेच खाद्य खातो, एकाच बॅगेतलं. माणूस ताटातलं खडबडीत काही लागलं की बाजूला काढतो.

दुसरा गैरसमज उलट बाजूचा. मेटल डिटेक्टर म्हणजे शिसं, पारा, कॅडमियम तपासणारं यंत्र, असं समजून लोक निर्धास्त होतात. विरघळलेले किंवा पुडीतले जड धातू ह्या मशीनला कळत नाहीत. ती प्रयोगशाळेतली वेगळी तपासणी. इथे काम आहे तुकड्यांचं.

नवीन डिटेक्टर घ्यायचा ठरलं तेव्हा पहिला निर्णय जागेचा होता. चौकट जितकी मोठी तितकी संवेदनशीलता कमी. पंधरा किलोची बॅग जाईल एवढ्या चौकटीत चमत्कार होणार नाही, मशीन कितीही महाग घ्या. म्हणून दाणे बॅगेत पडण्याआधी, पाइपमधून पडत असतानाच तपासायचे. पाइपचा व्यास १५० मिलिमीटर. तेवढ्याशा तोंडात कोरड्या मालासाठी आम्हाला १ मिलिमीटर लोखंड आणि १.५ मिलिमीटर स्टेनलेस मिळालं. शिवाय बॅगेच्या आतल्या थरात पुढेमागे ॲल्युमिनियम आलं तरी डिटेक्टरला त्रास नाही, कारण तपासणी आधीच झालेली असते.

पण पडणारा दाणा थांबत नाही. डिटेक्टरला धातू कळल्यावर खालची झडप फिरून माल बाजूच्या नळीत वळला पाहिजे. दाणे डिटेक्टरच्या वर एक मीटरवरून मोकळे पडत असतील तर डिटेक्टरपाशी त्यांचा वेग सेकंदाला जवळपास ४.४ मीटर होतो. झडपेला फिरायला एक दशांश सेकंद लागला तरी तेवढ्यात तुकडा अर्धा मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे डिटेक्टर आणि झडपेत त्याहून जास्त अंतर हवं. आणि डिटेक्टरच्या तोंडाच्या वर-खाली काही अंतरापर्यंत धातू नको: स्थिर धातूसाठी साधारण तोंडाच्या दीडपट, हलत्या धातूसाठी दुप्पट. हे सगळं बेरजेला धरलं तर आमचं छत कमी पडायला लागलं. शेवटी वरचा हॉपर (दाणे साठवून खाली सोडणारी टाकी) खाली आणून पडायची उंची कमी केली. वेग कमी झाला, अंतर कमी लागलं. पुरवठादाराच्या माणसाने पहिल्या आराखड्यात झडप डिटेक्टरला जवळजवळ चिकटवली होती. कागदावर छान बसत होती.

मशीन लागलं आणि खोट्या रिजेक्टचा, म्हणजे धातू नसताना माल बाजूला पडण्याचा, काळ सुरू झाला.

पहिलं कारण मालच. कोरड्या दाण्यात ओलावा दहा टक्क्यांच्या आत, त्यामुळे मालाचा स्वतःचा सिग्नल नगण्य असेल असं सगळे म्हणत होते. ओल्या, खारट मालाचा सिग्नल मोठा असतो, कारण तो वीज वाहतो. कोरड्याचा तसा नसतो. पण आमच्या काही प्रकारांत लोहाचे क्षार आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड असतं. त्यांचा सिग्नल छोट्या लोखंडी तुकड्याच्या दिशेने झुकतो. शिवाय थंड होण्याआधी घाईने आलेला कोमट, चरबी लागलेला माल वेगळा दिसतो. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी मशीनला वेगळं शिकवलं: माल चालू ठेवून, तुकडा न टाकता, त्याचा स्वतःचा सिग्नल ओळखून तो वजा करायला. कोरड्या मालाला जास्त फ्रिक्वेन्सी चालते आणि तीच स्टेनलेस पकडायला बरी. लोहाच्या प्रकारांसाठी थोडी तडजोड करावी लागली. सगळ्यांसाठी एकच सेटिंग ठेवायचा आग्रह पॅकिंगचा होता, कारण प्रकार बदलताना सेटिंग बदलायला विसरायची भीती. भीती खरी होती. उपाय म्हणून बॅगेवर छापणाऱ्या यंत्रातला प्रकार आणि डिटेक्टरमधला प्रकार जुळला नाही तर लाइन सुरूच होणार नाही, असं जोडून घेतलं.

दुसरं कारण स्थिर वीज. कोरडे दाणे प्लॅस्टिकच्या पाइपात घासत पडले की भार साठतो आणि सुटताना डिटेक्टरला झटका बसतो. धातूचा पाइप डिटेक्टरमधून नेता येत नाही, प्लॅस्टिकचा नेला की ही भानगड. भार वाहून नेणाऱ्या प्रकारचं प्लॅस्टिक लावून नीट अर्थिंग केल्यावर बहुतेक झटके थांबले.

तिसऱ्या कारणाने मात्र आम्हाला दमवलं. ठरावीक वेळांना, बहुतेक रात्री, रिजेक्ट. आत धातू नाही. सिग्नलचा आलेख वेगळाच, तुकड्यासारखा नाही. रात्रपाळीचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, मी वर चढलो की होतं." आम्ही हसलो. मग मी स्वतः वर चढले आणि झडप फिरली. प्लॅटफॉर्मच्या कठड्याचा एक बोल्ट सैल होता. वजन पडलं की सांधा टेकायचा, पाऊल उचललं की सुटायचा. कठडा, पायऱ्या, फ्रेम मिळून धातूचं एक मोठं वेटोळं तयार व्हायचं आणि तुटायचं. डिटेक्टरच्या क्षेत्राने त्यात करंट फिरायचा आणि तो करंट तुटला-जुळला की आतल्या कॉइलचा समतोल बिघडायचा. डिटेक्टरजवळच्या फ्रेम बोल्टने जोडण्याऐवजी वेल्ड करायला सांगतात ते ह्याचसाठी. कठडा वेल्ड केला, रात्रीचे रिजेक्ट बंद. दिवसा वर कोणी चढायचं नाही, रात्री हॉपर बघायला चढायचे, एवढंच रहस्य.

ह्या काळात उत्पादनाकडून एकच मागणी: "सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करा." कारण प्रत्येक रिजेक्टमागे किलोभर चांगला माल बाजूला जातो आणि महिन्याचा आकडा टोचतो. मी तेव्हा अडून बसले, आणि आजही तसंच करेन. खोटा रिजेक्ट म्हणजे मशीन जास्त हुशार आहे असं नाही. मशीनला कुठून तरी त्रास होतो आहे. संवेदनशीलता कमी केली की त्रास ऐकू येणं बंद होतं आणि तार पुन्हा मोकळी होते. आता सेटिंग बदलायला दोन पासवर्ड लागतात, एक क्वालिटीचा, एक मेन्टेनन्सचा, आणि कारण लिहिल्याशिवाय बदल नोंदवला जात नाही.

चाचणीची पद्धतही पूर्ण बदलली. पाइपमध्ये पट्टी धरता येत नाही. डिटेक्टरच्या वर एक बारीक नळी बसवली आहे, ती गोळीला प्रवाहाच्या मध्यावर सोडते. माल चालू असतानाच सोडायची, रिकाम्या पाइपात नाही. भडक रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली गोळी रिजेक्टच्या डब्यात सापडलीच पाहिजे. सापडली नाही तर लाइन थांबते, कारण मग आपणच मालात धातू टाकलेला असतो. एकदा गोळी डब्यात दिसेना तेव्हा सगळे गंभीर झाले. ती डब्याच्या झाकणाच्या खाचेत अडकली होती. झाकण बदललं.

तीन धातू, प्रत्येक वेगळा. शिफ्ट सुरू होताना, दोन तासांनी, प्रकार बदलताना, संपताना. त्याच वेळी लागोपाठ दोन गोळ्या सोडून पाहतो, कारण पहिल्या रिजेक्टनंतर झडप परत जागेवर येत असताना दुसरा तुकडा निसटू शकतो. हवेचा दाब कमी झाला तर झडप फिरत नाही, म्हणून दाब कमी होताच लाइन थांबते. झडप फिरली हे सांगणारा वेगळा सेन्सर आहे. डबा भरल्याचा आहे. डब्याला कुलूप आणि किल्ली आमच्याकडे. हे शेवटचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण पूर्वी बाजूला पडलेली बॅग "बघू, बरी दिसते" म्हणून परत बेल्टवर जाण्याची सोय होती.

डबा रोज उघडला जातो. माल ट्रेवर पातळ पसरतो, छोट्या टेबल डिटेक्टरने चिमूट-चिमूट करून तुकडा शोधतो आणि कार्डावर चिकटवतो: तारीख, शिफ्ट, प्रकार, धातू, चुंबकाला लागतो की नाही, कुठून आला असावा. सुरुवातीला हे काम कोणालाच नको होतं. काही कार्डं शेजारी-शेजारी लावली तेव्हा मात्र मेन्टेनन्सवाले स्वतः यायला लागले. एका प्रकाराच्या कार्डांवर पात्यांची निळसर टोकं ओळीने दिसत होती. त्या प्रकारात दाणा बारीक, त्यामुळे पाती डायच्या जास्त जवळ लावायचे आणि घासायची. पात्यांचं अंतर मोजायला पत्रा दिला आणि पाती बदलण्याआधी-नंतर त्यांची टोकं मोजायला लावली. एक टोक कमी असलं तर ते सापडेपर्यंत माल पुढे जात नाही. वेल्डिंगचे मणी ज्या आठवड्यात दिसले त्या आठवड्यात ड्रायरची दुरुस्ती झाली होती. तेव्हापासून वेल्डिंगनंतर पहिला थोडा माल टाकून देतो आणि लाइन मोकळी केल्याची सही लागते.

आणि चाळणी. १.५ मिलिमीटरच्या सेटिंगवर आमची तार आता पाइपमध्ये कधी सापडते, कधी नाही. पडताना ती कशी वळलेली आहे त्यावर ठरतं. कापलेले तुकडे बरेचदा सोडून पाहिलेत आणि शंभर टक्के सापडते असं मी कोणालाही लिहून देणार नाही. म्हणून जाळीच बदलली. चुंबकीय जातीच्या स्टेनलेसची जाळी मिळते, तीच घेतली. गंजाच्या बाबतीत ती ३०४ पेक्षा थोडी कमी, पण कोरड्या जागेत चालून जाते. तार लोखंडासारखी दिसली की डिटेक्टरला सोपं, आणि चाळणीनंतर लावलेल्या चुंबकाच्या सळ्यांनाही ती लागते. पट्टीखालचा भाग दिसावा म्हणून फ्रेम दर आठवड्याला उघडतो. मधल्या भागाला रोज टॉर्च आहेच.

ऑडिटला आलेल्या बाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला: "डिटेक्टर इतका चांगला लावलात, मग चाळणी दर आठवड्याला उघडायचा खर्च कशाला?" मी त्यांना तारेचा तुकडा पाइपमध्ये सोडायला दिला. पहिला सापडला. दुसरा सापडला नाही. त्यांनी पुढचा प्रश्न चाळणीच्या रजिस्टरवर विचारला.

आता मांजरांच्या ओल्या खाद्याची लाइन येते आहे आणि तिचं गणित पूर्ण वेगळं. पाकिटात ॲल्युमिनियमचा थर, माल ओला आणि खारट. भरलेलं पाकीट साध्या डिटेक्टरमधून नेण्यात अर्थ नाही. थराचाच सिग्नल सगळं झाकून टाकेल. क्ष-किरण थरातून आरपार बघतं, कारण ते घनतेचा फरक पाहतं, आणि दगड, काच, हाडाचा जाड तुकडाही दाखवतं. पण ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा त्याला अवघड जातो, घनता कमी म्हणून. डिटेक्टरला तोच सोपा. त्यामुळे भरण्याआधी पाइपवर डिटेक्टर आणि सील झाल्यावर क्ष-किरण, असं दोन्ही मागितलं आहे. पुरवठादारांकडे नमुन्याची पाकिटं पाठवलीत. त्यात गोळ्या आहेत, ॲल्युमिनियमच्या कात्रणी आहेत आणि तारा आहेत, काही पाकिटाच्या लांबीत, काही आडव्या, काही सीलच्या घडीत, जिथे थर दुप्पट होतो. कोणाचं मशीन काय चुकवतं त्याची यादी मागितली आहे. काय पकडतं ते सगळेच न मागता सांगतात.